दोन बोटं फट

आरोग्य खात्यातली मुलगी आली होती, सप्टेंबरात.
ओसरीच्या खांबाला तिने एक पांढरी पेटी टांगली,
हवा मोजणारी, बुटाच्या खोक्याएवढी,
आणि मला एक छापील तक्ता दिला.
आवाजाचा प्रकार. वेळ. किती मिनिटं.
पेन्सिलही दिली, दोरीला बांधलेली,
बँकेत असते तशी.

नाव : ओतिलिया बारागान. वय : एकोणऐंशी.
पत्ता : नदी आणि यार्ड यांच्यामधली शेवटची गल्ली, कॅन्सस.
केव्हापासून राहता : लग्न झाल्यापासून.

पहिल्या रात्री मी इमानाने लिहिलं.
एक वाजून दहा. किंचाळी.
टेकाडावरून सुट्ट्या वाघिणी सोडतात,
खाली लोखंडी जबडे त्यांची चाकं आवळून धरतात,
तेव्हाची ती.
एक अकरा. आदळ.
एक बारा. किंचाळी. आदळ.
एक पंधरा...
दोनच्या आत तक्ता भरला.
मागच्या बाजूला लिहू का, विचारायला कुणी नव्हतं.

इंजिनांची घरघर कुठल्या रकान्यात टाकायची?
थंडीत ती बंद करत नाहीत, गोठतील म्हणून.
नोव्हेंबर ते मार्च, अख्खी रात्र,
आमच्या परसामागे आठ-आठ इंजिनं
नुसती उभी राहून दम खातात.
शेजारच्या मारिसेलाचा धाकटा
पंप ओढतो आणि मनात दहा मोजतो.
शाळेत आकडे शिकवायच्या आधीच
त्याला दहापर्यंत येत होतं.

चादरी मी घरातच वाळत घालते. ते जुनं झालं.
भिंतीवरची तसबीर रोज सकाळी सरळ करते.
तेही जुनं.
तसबिरीत एलेउतेरियो, टोपी काखेत,
एकोणचाळीस वर्षं याच यार्डात सांधेवाला.
जन्मभर सांधे बदलले,
स्वतःच्या गुडघ्यांचे तेवढे राहिले.
या घराचं छप्पर, तिघी पोरींची शिक्षणं, माझे दात,
सगळं त्या किंचाळीच्या पगारातलं.
खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे किती वर्षं,
ते कुणी सांगत नाही.

त्या रात्रीचं मात्र मी लिहिलं.
तारीख जुनी आहे, तरी.
फाटकावर मालगाडी. उभी.
पलीकडे रुग्णवाहिका; तिचा लाल दिवा
दोन वाघिणींच्या मधून
आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर उजळत-विझत होता.
हा फरशीवर, डोकं माझ्या मांडीवर.
मी म्हटलं, हलेल आता, हलेल.
त्याने कान दिला.
बाहेर फुस्स झालं, लांबलचक.
म्हणाला, "ब्रेकची हवा सोडली, ओती.
ड्रायव्हरचे तास भरले. उतरला तो.
दुसरा येईपर्यंत ही जागची हलत नाही."
आवाजात राग नव्हता.
नव्या पोराला काम शिकवावं, तसा होता.

आवाजाचा प्रकार : शांतता.
किती मिनिटं : सत्तेचाळीस.

महिन्याने मुलगी आली, पेटी उघडली,
आतला गोल कागद चिमट्याने काढला.
तव्यावर विसरलेल्या तोर्तियासारखा काळा.
पिशवीत घातला, वर नंबर लिहिला.
मग तक्ता वाचत बराच वेळ ओसरीवर बसली.
कॉफी निवली.
जाताना म्हणाली, खिडक्या बंद ठेवत जा, आजी,
डॉक्टरांनीही सांगितलंय ना?

सांगितलंय.
एवढंच तक्त्यात नाही लिहिलं,
की पहाटे, त्याची पाळी सुटायची त्या वेळी,
मी स्वयंपाकघराची खिडकी
दोन बोटं उघडते.
डिझेल, वंगण, ओलं लोखंड.
दाराशी कोट काढत उभा राहायचा,
तोच वास.
खोकला येतो.
मग लावून घेते.