नमुना क्रमांक तेवीस

परभणीच्या कॉलेजात, तळमजल्याला,
भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेतली
तेवीस नंबरची डबी
एकोणीस वर्षांपासून माझ्या हवाली आहे.
बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर
मुळावेकर सरांचं तिरपं अक्षर:
नॅट्रॉन. वर्ग कार्बोनेट. स्फटिक एकनताक्ष.
रंग नाही, असलाच तर पांढरा.
चमक काचेची. कठिनता एक ते दीड,
म्हणजे नखानं ओरखडा निघावा इतकं मऊ.

आत मात्र पीठ आहे.

सरांनी आणला तेव्हा जानेवारी होता,
कुठल्याशा परमुलखातल्या तळ्याकाठचा खडा,
थर्मासात घालून, लेकरासारखा जपत.
आरपार दिसायचं त्यातून. मी पाहिलंय.
म्हणाले, सटवाजी, हा सोडा एकटा नाही,
दहा पाणी धरून बसलाय.
झाकण घट्ट लावत जा.

लावत गेलो.
पण परभणीचा एप्रिल झाकणाला विचारत नाही.
आधी खड्याला घाम फुटला,
मग तो स्वतःच्याच पाण्यात बसला,
आणि एका दुपारी, लाइट गेलेली असताना,
नऊ पाणी कधी उठून गेले
कळलंच नाही.
सर तोवर रिटायर होऊन गावी गेले होते.
मी कोणालाच सांगितलं नाही.

माझी माय, केवळाबाई, परटीण.
दुधनेच्या अंगाला कालवा आला
आणि खालची जमीन चोपण झाली,
गाव हळहळलं, माय खापर घेऊन निघाली.
दिवस उगवायच्या आत खरवडायचं,
उन्हं वर आली की वारा घेऊन जातो.
तिच्याकडं चिठ्ठ्या नव्हत्या. वर्ग होते.
ढेकळावर फुलासारखं फुलतं ते धोतरांचं.
पापुद्र्यानं निघतं ते गोधड्यांचं, जाडंभरडं.
ज्याच्यापाशी डबकं काळं पडतं
तिथं हात घालायचा नाही, कातडी जाते.
आणि संशय आला तर
चिमूटभर जिभेवर, लगेच थू:
"मीठ आहे, टाक."
किंवा
"खार आहे, भर."
एकनताक्ष तिला माहीत नव्हतं,
पण हळदीच्या डागाला कोणता खार लाल करतो
हे ती झोपेतही सांगायची.

परवा तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक संभाजीनगरचे,
पंखा त्यांच्याकडं वळवून ठेवलेला.
समरीन नावाची पोरगी, सेलूहून रोज रेल्वेनं येणारी,
तिच्या वाट्याला तेवीस नंबर.
तिनं आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं.
तारेच्या टोकावर ज्योतीत धरलं, पिवळंधमक.
पाण्यात टाकलं, दिसेनासं झालं.
मग डबी उलटी करून चिठ्ठी वाचली,
जी वाचायची नसते,
आणि म्हणाली, सर, हे नॅट्रॉन नाही.
होतं. आता थर्मोनॅट्राइट असेल,
एकच पाणी राहिलं असेल याच्यात.

परीक्षकांनी तिच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.
"चिठ्ठी कोणी लावली?"
मी म्हणालो, चिठ्ठी खरीच होती, साहेब.
पुढं काय बोलावं सुचेना.
पंखा खडखडत राहिला.
पोरीला मार्क किती दिले
ते आम्हा लोकांना सांगत नाहीत.

संध्याकाळी नवी चिठ्ठी कापली, डिंक घेतला,
आणि सरांच्या अक्षरावर ती बसवायला
माझा हात काही होईना.
शेवटी त्याच चिठ्ठीखाली, जागा होती तेवढ्यात,
पेन्सिलीनं लिहिलं:
नऊ पाणी गेले. एक आहे.

भिंतीवर लाल रंगात सूचना आहे,
कोणत्याही नमुन्याची चव घेऊ नये.
ती पाटी दर दिवाळीला मीच पुसतो.
शिपाई बाहेर कुलूप शोधत होता.
मी चिमूटभर घेतलं,
लगेच बेसिनमध्ये थुंकलो.

खार आहे.
भर.