एक शिटी, दोन शिट्या

डिचोलीच्या स्टँडवरून मयेच्या तळ्यापर्यंत
आम्ही रिक्षाने येतो,
कारण बसमध्ये प्रवाशाच्या सीटवर
कायतानचा उजवा पाय
सारखा ब्रेक शोधत राहतो.

पुढे पायवाट.
डाव्या हाताला तळं, उजवीकडे टेकडी,
किंदळ, माट्टी, मध्येच कुणीतरी सोडून दिलेली काजूची बाग.
वाट एका माणसाएवढीच,
म्हणजे एक पुढे, एक मागे.
कोण पुढे, हे आम्ही कधी ठरवलं नाही.
तो ड्रायव्हर, मी कंडक्टर.

पणजी, पर्वरी, म्हापसा, अस्नोडा, मुळगाव, डिचोली
आणि उलट.
बावीस वर्षांत त्याचा चेहरा मी
पट्टीएवढाच पाहिला,
वरच्या आरशात दोन डोळे, भुवया,
घामाने चिकटलेला केसांचा एक आकडा.
हनुवटीवरचा व्रण मला
निरोपाच्या दिवशी दिसला.
"हा कधीचा?"
"ल्हानपणचो. माडावयल्यान पडिल्लों."

बोलणं शिटीचं.
एक, थांब. दोन, चल.
तीन म्हणजे मागे भांडण लागलंय, ब्रेक जरा जोरात मार.
ते आमचं दोघांचंच, खात्याला ठाऊक नव्हतं.

आज धुकं तळ्यावरून उठेना.
काठाला पेडलच्या बोटी उपड्या,
आणि मागे डोंगराचा तो लाल कापलेला भाग,
जिथून खाणीचे ट्रक आमच्या पुढ्यात घुसायचे.
कायतान त्या दिशेला अजून तोंड वाकडं करतो.
खाण बंद पडली, शिवी चालू आहे.

वळणावर झाडात कुणीतरी
एकच लांब शिटी दिली
आणि कायतान थांबला.
जागच्या जागी, दोन्ही टाचा दाबून.
मी त्याच्या पाठीवर आदळलो.
"पाखरू ते," मी म्हणालो.
"खबर आसा म्हाका," तो म्हणाला, पण हलला नाही.

मग त्याने काठी पुढे केली.
टोक एका मुळाला लागलं,
जाड, पांढरट, वाटेवर आडवं पडलेलं,
इतकं उघड की मला ते
त्याच्या खांद्यावरून कधीचं दिसत होतं.
मला वाटायचं, हळू चालतो ते गुडघ्यामुळे.
काठी आणली, ती सापांसाठी, असं त्यानेच सांगितलेलं.

"मधें कितेंच ना," तो म्हणाला. "कडेन कडेन दिसता."

काचेवर मधोमध चिखलाचा गोळा बसावा
आणि वायपरने नुसत्या कडा पुसाव्यात, तसं.
हे मी म्हणतो. तो एवढं बोलला नाही.
त्याने फक्त विचारलं,
सुटे पैसे मागावेत तसं,
"तूं फुडें वतलो?"

त्याला ओलांडायला त्याचे खांदे धरावे लागले.
माझा एक पाय तळ्याकडच्या उतारावर,
माती घरंगळली, खाली पाण्यात डुबुक.
क्षणभर आम्ही छातीला छाती लावून उभे.
भरल्या बसमध्ये मी असा
हजारो लोकांपाशी उभा राहिलो असेन,
त्याच्यापाशी कधीच नाही.
दाढी करताना व्रणापाशी
त्याचे दोन केस राहून गेले होते.

आणि मग मी पुढे.
धुकं. करवंदीची जाळी.
कोळ्याचे धागे, जे आजवर
त्याचं कपाळ तोडत आलं होतं.
मी बावीस वर्षं बाजूला पाहिलं,
शेतं बाजूला, क्रूस बाजूला, हात करणारी माणसं बाजूला,
गाव नेहमी मागे जाणारं.
समोरून येणारं बघायची मला सवय नाही.

पहिला धागा तोंडावर बसला. पुसला.
मागे काठी टेकल्याचा आवाज, मग काहीच नाही.
शिटी मी खात्याला परत केली होती, सही करून.
मागून दातांतून फुसकं, वाऱ्यासारखं काहीतरी आलं,
एक.
मी वळायच्या आत, दुसरं.

"मूळ आहे," मी म्हणालो.
"उंच आहे. डावा पाय आधी."