सांधा

पोर्तोत चाळीस वर्षं
गुडघे टेकून फरश्या बसवल्या आदेलिनोनं,
सगळा भार उजव्या अंगठ्यावर, मुडपलेल्या.
आता तो मुडपत नाही.

डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाला धरतात.
वरचं वाढलेलं हाड तासू,
काही वर्षं निभेल.
नाहीतर दोन स्क्रू, सांधा कायमचा बंद.
दुखणं जाईल. वाकणंही.

तो फिल्मवर नख फिरवतो.
फट उरलीच नाहीये इथे.
"बाई, सांधा न ठेवता बसवलेली फरशी
उन्हाळ्यात उचकटते.
ताण कुठे जाईल?"

"शेजारच्या सांध्यात."

बराच वेळ तो बुटाची नाडी बांधतो.
मग कानामागची पेन्सिल काढून
त्यांच्यापुढे धरतो:
"बंदच करा. गुडघे आता भाचा टेकेल.
फक्त ढाळ किती देणार,
तेवढं काढून दाखवा."