सीटची दांडी

रंगाला भुलू नको, दस्तगीर म्हणाला.
रंग काय, पावडर हाय. नाण्यानं वाजव.

मी पाचाचं नाणं काढलं.
वरच्या नळीवर मारलं, मग खालच्या,
मग मानेपाशी, जिथं दोन्ही भेटतात
आणि कधी धडक बसली असेल
तर बोटाला हलकासा फुगवटा लागतो.
लागला नाही.
टण्ण.
चौदा वर्षं मागावर काढलीत मी, अक्कलकोट रोडला.
धागा तुटला की डोळ्याआधी कानाला कळायचं.
हे पोलाद सलग होतं.

शेजारीच दुसरी उभी होती, ॲल्युमिनियमची,
पोपटी, सत्तावीस गिअरची, एका हातानं उचलेल अशी.
दस्तगीर तिच्याकडं बघेना.
"सामान लादून नळदुर्गाच्या अलीकडं मोडली
तर जोडणारा हुडकत पुण्याला जाशील.
हिला ट्रॅक्टरचा वेल्डिंगवालाबी चालतोय."

मग मी खाली बसून मोजलं.
मागच्या चाकाच्या तारा छत्तीस,
त्यात एक नवी, पाहुण्यासारखी चकचकीत.
चिमट्याला कॅरिअरची भोकं, आटे शाबूत.
मागचा भाग लांब,
म्हणजे टाच पिशवीला घासणार नाही.
मधला ॲक्सल किंचित हलत होता,
पडायला आलेल्या दातासारखा.
त्याचे तीनशे कमी.

सायकल राजेशम कोंडांची.
सहा फुटी माणूस, जिल्हा परिषदेतून रिटायर,
मच्छरदाणी नि दोन चादरी घेऊन
कुडलच्या संगमापर्यंत, विजापूरच्याही पुढं
एकटेच हिंडायचे. आता गुडघे गेले.
पायरीवर बसून सगळं बघत होते.
किमतीचं बोललेच नाहीत.
"रात्री झोपणार कुठं?"
बघेन. शाळेचा व्हरांडा. नाहीतर कॅनॉलच्या कडेला.
"कॅनॉल नको. आणि शाळेत शिरलं
की आधी नळाला पाणी आहे का बघायचं."

बसून बघितलं, तर पाय टेकेनात.
पायडल खाली गेलं की माझी चप्पल हवेत.
दस्तगीरनं बोल्ट सैल केला, सीट पिळली.
दांडी हलेना.
डिझेल सोडलं. हलेना.
बारा वर्षं एकाच उंचीवर राहून
ती नळीत मुरली होती.

मी म्हणाले, राहू दे, पोपटी घेते.

"थांब की बे," दस्तगीर म्हणाला,
आणि सायकल सरळ उन्हात नेऊन ठेवली.
एप्रिलची अखेर, दुपारचे दोन,
सोलापूरचं ऊन, ज्याला जन्मभर शिव्या घातल्या.
अर्ध्या तासात नळीला हात लावता येईना.
मग गोळेवाल्याकडून दहाचा बर्फ आणून
फडक्यात बांधून त्यानं नुसत्या दांडीला गुंडाळला.
नळी तापून फुगलेली, दांडी गारठून आकसलेली.
पाणी गळत राहिलं धुळीत.
सीटचं टोक धरून तो लटकलाच,
आणि आतून एक करकर आली,
जुन्या दाराची असते तशी.

दांडीवर खिळ्यानं ओढलेली एक रेघ होती.
कोंडांची उंची.
ती हळूहळू खाली सरकली, नळीत शिरली, दिसेनाशी झाली.
ते चष्मा पुसत होते. घामानं असेल.

"आता वजन," ते म्हणाले. "रिकामी सायकल सगळ्यांचीच चांगली."
सुनेनं आतून चादरी आणल्या, विकायच्या, घडीच्या,
नऊ किलो इकडं, नऊ तिकडं, सुतळीनं करकचून.
त्यातली एखादी माझ्या मागावरची असेल.
नसेलही.

गल्लीच्या तोंडापर्यंत हँडल पिसाळल्यागत हलत होतं.
जोडबसवण्णा चौक आला
आणि काय झालं कोण जाणे,
ओझं सायकलच्या खाली उतरलं, तिच्यात बसलं,
नि ती आपली आपण चालायला लागली,
जड, संथ,
न्याल तिकडं.
मी वळलेच नाही.
पुढचा ब्रेक चर्रर्र ओरडत होता, रबर बदलावं लागेल,
हे मनात लिहीत गेले.

परतले तेव्हा सून दारातच उभी होती.
तेलुगूत सासऱ्यांना काहीतरी म्हणाली, मग माझ्याकडं वळून:
"सायकल न्या हो ताई.
चादरी आधी मोजून द्या."