उसवण

आईच्या शिलाई मशीनचा एक पाय विटांचा होता.
पंचाहत्तरच्या जुलैत त्या लंगड्या मशीनवर
तिनं असोमादाची शाळा, पोस्ट, दवाखाना,
सगळ्यांसाठी मिळून सतरा झेंडे शिवले.
लाल, पिवळा, हिरवा, आणि लालावर काळा तारा.
ताऱ्याची पाच टोकं तिला कधीच सारखी जमली नाहीत.
वारा सुटला की कुणाला दिसतंय, म्हणायची.

बाबा तेव्हा नुकतेच परतले होते,
उजव्या हाताची दोन बोटं गिनीच्या जंगलात ठेवून.
उरलेल्या तिघांत त्यांनी सगळं धरलं:
जीपचं स्टीअरिंग, पक्षाचा शिक्का,
रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची वही.

वहीबद्दल सांगायला हवं.
आमच्या बेटावर मका गुडघ्याएवढा होऊन वाळायचा.
दगड फोडणं हेच पीक,
आणि ते बाबांच्या वहीत उगवायचं.
न्यो तिबुर्सिओ एकदा सभेत उभा राहिला, म्हणाला,
"तुम्ही लढलात, कबूल. पण तुम्हाला निवडलं कधी आम्ही?"
पुढच्या सोमवारी त्याचं नाव वहीत नव्हतं.
खोडलं नव्हतं कुणी.
नुसतं लिहिलं नव्हतं.

माझं नाव होतं. दुसऱ्या एका यादीत,
हवानाला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या.
कुणी लिहिलं, मी विचारलं नाही.
बॅग भरली.

मग एक्क्याण्णवचा जानेवारी.
हवेत वाळवंटाची धूळ, शाळेत कंदील,
टेबलाशी बाबा, अंगठा ओल्या स्पंजवर,
तीन बोटांनी एकेक चिठ्ठी उलगडत.
एक ढीग वाढत होता. तो आमचा नव्हता.
मध्यरात्रीनंतर कुणीतरी कानाशी लागून म्हणालं,
कामरादा लिनो, कंदील काय, कधीही विझू शकतो.
बाबांनी वात वर केली.

हे मला आईनं सांगितलं.
बाबांना विचारलं तर म्हणाले,
वात काजळली होती. एवढंच.

सकाळी जीपची किल्ली कचेरीत ठेवून
ते चार किलोमीटर चालत घरी आले.
पायांची सवय मोडली होती, फोड आले.
न्यो तिबुर्सिओच्या घरात रेडिओ मोठ्यानं लागला होता.
तो बाहेर आला नाही.
बाबाही थांबले नाहीत.

पुढच्या वर्षी नवे लोक नवं कापड घेऊन आले,
निळं, आणि दहा पिवळे तारे, बेटागणिक एक.
आतल्या खोलीत बाबा खोकले.
आई म्हणाली, मागच्यांचा एकच तारा होता,
तुमचे दहा आहेत, दहाची मजुरी पडेल.
घासाघीस होऊन आठावर तुटलं.

जुना एक झेंडा घरी आला होता, तो तिनं उसवला.
हिरव्याचं पुतणीला झबलं.
पिवळं मशीन पुसायला.
काळा तारा बाबांच्या पँटच्या गुडघ्यावर,
टोकं आत दुमडून, म्हणजे चौकोनी दिसावा.

दहा वर्षांनी पक्ष परत आला.
ट्रक भोंगे वाजवत डोंगरावरून उतरले,
जुने मित्र दारात, गळ्यात गळे,
हातात कोरी वही: लिनो, चल, नावं सांग.
बाबा बकरीला पाला घालत होते.
तिबुर्सिओपासून सुरू करा, म्हणाले.
कोण तिबुर्सिओ?
त्यांच्यातल्या एका पोराला आठवलं,
तो होय, तो तर कधीच लिस्बनला गेला,
तिकडे इमारतींवर विटा वाहतो म्हणे.
बाबांनी पाल्याची दुसरी पेंडी सोडली.

आईनं त्या रात्री मशीनला तेल घातलं,
विटा नीट बसवल्या, सुई बदलली.
आता परत काळा तारा, म्हणाली,
या वेळी टोकं सारखी काढीन.

आठवडा गेला, महिना गेला.
कापड घेऊन कुणीच आलं नाही.
पोस्टावर निळाच फडफडत राहिला, आईचाच,
एका कडेची टीप सुटलेला.