वाढ

रबाळ्याला रंगाचा कारखाना होता तेव्हा
मागचा नाला सोमवारी जांभळा, गुरुवारी पोपटी.
माझ्या वहीत पंचाण्णव सालचं पान आहे:
डबे एकसष्ट. पहिली पाळी तीस, दुसरी बावीस, रातपाळी नऊ.
बॉयलरच्या कमळाकरला ठेचा जास्त,
पॅकिंगमधल्या दोघी बहिणींत एक डबा, चपात्या सहा.
रंगखात्यातल्यांची झाकणं मी वेगळी घासायची,
त्यांच्या बोटांचे ठसे राखेनंही निघायचे नाहीत.
पोटात काय जात असेल, विचारलं नाही कधी.
त्यांचा पगार सातला, माझे पैसे आठला.

आता तिथे सात मजली इमारत, बिनखिडक्यांची.
आत यंत्रं बसतात. त्यांना गारवा लागतो
आठही प्रहर, बाळंतिणीला शेक लागावा तसा.
बोर्डावर गुंतवणुकीचा आकडा होता.
शून्यं मोजताना मी दोनदा चुकले,
मला डबेच मोजता येतात.

गेटवर गोठिवलीच्या मढवींचा हेरंब असतो.
आयटीआय झालाय, वीजतंत्री.
कंत्राटदार म्हणाला, सध्या शिट्टी घे.
विचारलं, "आत माणसं किती रे?"
"पाळीला अकरा, मावशी. त्यात आम्हीच सहा."
"मग बाकीचे पाच जेवतात काय?"
"मोबाइलवरून मागवतात."
घेऊन येणाराही ओळखीचाच,
कमळाकरचा धाकटा, बीकॉम.
मी दिसले की हेल्मेट काढत नाही.

माझे डबे आता चार. हेरंबचा उधार.

रात्री टीव्हीवर कुणी तज्ज्ञ सांगत होते,
वाढ चांगली आहे, अपेक्षेपेक्षा अर्धा टक्का जास्तच.
कणीक मळता मळता ऐकलं.
वाढ म्हटलं की मला पंगत दिसते.
वाढणारीला कमरेत वाकावं लागतं,
कुणाचं पान रिकामं, ते वाकल्यावरच कळतं.
ही कुणीकडून वाढत आली,
आणि कुठल्या ओळीपाशी भांडं घेऊन मागे फिरली?

तसं काहीच मिळालं नाही म्हणणं खोटं.
इमारतीच्या मागे, नाल्याच्या अंगाला, जाळ्या आहेत.
त्यांतून गरम वारा येतो, रात्रंदिवस.
हेरंबनंच दाखवलं.
श्रावणातसुद्धा कुरडया कडकडीत वाळतात तिथे,
साहेबांची गाडी येईपर्यंत.
मग तो शिट्टी वाजवतो, दोनदा, बारीक,
आणि मी चादरीची चारही टोकं उचलते.