वारा कुठून आहे

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, बरोब्बर बारा वाजता
भोंगा वाजतो,
आणि क्लायबर्गमधली सगळी कुत्री त्यात सूर मिसळतात.
माणसं मान वर करत नाहीत.
चाचणी आहे, म्हणतात. सूप निवतंय.

नेब्रास्कातलं हे गाव. माणसं दोनशे चौदा.
धान्याची उंच कोठी, तिच्या पायथ्याशी
अमोनियाच्या पांढऱ्या टाक्या,
रवंथ करत बसलेल्या गुरांसारख्या.
दवाखाना एकावन्न मैलांवर.
आगीचा बंब एक, आणि त्याचा चालक
एरवी शाळेची बस चालवतो.

मी वही घेऊन दारोदार फिरते.
रकाने मीच आखलेत:
कोण बहिरं, कोण ऑक्सिजनवर,
गाडी सुरू होते, की नुसती उभी आहे.
व्हर्ना स्टूकेनहोल्झ म्हणते, तळघरात उतरेन की.
नाही हो, तळघर वावटळीसाठी.
हा वायू गार असतो तोवर जमिनीलगत सरपटतो,
तळघर आधी भरतो.
तुम्ही चढावर जा. वाऱ्याला आडव्या चाला.
ती मान हलवते,
माझ्या हातात बीटाच्या लोणच्याची बरणी ठेवते.

ऑर्व्हिल ड्रीसेन हसतो.
"साठ वर्षं हुंगतोय. नाक सांगेल मला."

धाटावच्या कारखान्यातून बाबा पहाटे यायचे.
आई त्यांचा सदरा
चिमटीत धरून वेगळ्या बादलीत टाकायची.
एकदा हिंगाच्या फोडणीनं अख्खी चाळ शिंकत होती,
आणि बाबा पाटावर बसून विचारत होते,
आज आमटीला फोडणी नाही का?

हे मी त्याला सांगितलं. हिंग म्हणजे काय
ते समजावण्यातच अर्धा वेळ गेला.
मग तो हसला नाही.
वही ओढून पानं उलटत राहिला.
"तुमचं घर कुठेय यात?"

नव्हतं.

पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
पाशिलकरचं स्पेलिंग दोनदा चुकवत
त्यानं शेवटच्या पानावर लिहिलं:
नवरा कोठीवर, रातपाळी.
मागचं दार ठोठवा, पुढचं हे लोक उघडत नाहीत.
वारा वायव्येचा असला तर आधी इथे.

तीन वर्षांत तो आमच्या अंगणात
एकदाही आलेला मला आठवत नाही.

बाहेर कोठीवरचा कापडी वारादर्शक लोंबत होता, नुसता.
मी बोट ओलं करून वर धरलं,
आणि बराच वेळ
रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिले.